न विचारता आणलेलं सुरण

माझी बायको गेली तेव्हा घरातली बोलायची बाई गेली, हे मला लई उशिरा कळलं. मी समजत होतो, जेवण मिळतंय, गाईची धार निघतीय, नातीच्या वेण्या घातल्या जातायत, म्हणजे घर चाललंय. सून सगळं करत होती. ती कुणाशी बोलते का, हे मी कधी बघितलंच नाही.

आमची म्हातारी नेवाशाकडची, नदीकाठची. आमच्या पारनेरच्या पाण्याला तिनं जन्मभर नावं ठेवली, पण सुनेला एक दिवस नाव ठेवलं नाही. दोघी गोठ्यात बसल्या की त्यांची कुजबुज चालायची. मी जवळ गेलो की गप्प. "काय चाललंय गं?" म्हटलं की म्हातारी म्हणायची, "तुमाला कशाला? बायकांचं हाय. तुमी तिकडं ओट्यावर बसा." एका सकाळी चूल पेटवता पेटवता तिच्या छातीत कळ आली आणि बसल्या जागी गेली. दहाव्याला सून जेवढी रडली तेवढा पोरगा बी रडला नाही. मी तर तेव्हा रडलोच नाही. आता रडतो अधनंमधनं. मुद्दाम कांदा चिरायला घेतो.

सून मला मामा म्हणते. डोक्यावरचा पदर सावरून दारातूनच बोलते. त्या वेळी आमचं दिवसातलं बोलणं तीन शब्दांचं होतं. "मामा, चहा." "मामा, जेवण." "मामा, पाणी." तिसरं म्हणजे आंघोळीचं तापलेलं पाणी.

एकदा मीठ शोधताना फळीवर डब्याच्या मागं एक पुडी सापडली. तपकिरी भुकटी. वास घेतला आणि ओळखली. मूळव्याधीची. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते ना, तीच. वीसेक वर्षांपूर्वी मला मूळव्याध झाली होती तेव्हा म्हातारी ती ताकात कालवून द्यायची आणि वर म्हणायची, "प्या गुमान, आन् बसा गादीवर राजावानी."

आता घरात माणसं तीन मोठी, एक लहान. मी भुकटी घेत नव्हतो. पोरगा ताक बघितलं की तोंड फिरवतो. म्हणजे सुनेला त्रास होता, आणि ती एकटीच सोसत होती.

मी गावात तोंडाळ म्हणून ओळखला जातो. चौथी शिकलोय, पण ग्रामसभेत भल्याभल्यांना तोंडावर बोललोय. तरी सुनेला एवढं विचारायला जीभ रेटली नाही. सासऱ्यानं सुनेला असलं विचारायचं? पोरगा दुधाचा टेम्पो घेऊन पहाटेच जातो, दुपारी येऊन झोपतो. त्याला म्हणावं तर तो माझ्याहून लाजरा. मग मला सुचलं ते मी केलं. पारनेरच्या बाजारातून सुरण आणलं. मूळव्याधीला सुरण खातात हे आमच्याकडं पोरंटोरं बी जाणतात. चुलीपाशी ठेवलं आणि म्हणालो, "मला खावंसं वाटलं."

तिनं एकदा सुरणाकडं बघितलं, एकदा फळीकडं. चिंच घालून भाजी केली, तरी घशाला खाजलंच. मी म्हणालो, "झकास झालीय."

पुढच्या बाजारी पुन्हा आणलं. त्याच्या पुढच्या बाजारी पुन्हा. तीन महिने मी न विचारता आणत राहिलो आणि ती न सांगता करत राहिली. मला कळलंय हे तिला कळलेलं, आणि तिला कळलंय हे मला. वर मला वाटायचं, बघ म्हातारे, सुनेची काळजी घेतो का न्हाई मी. सुरणवाली बाई तर मला लांबून बघूनच वजन करायला घ्यायची.

नात सातवीत आहे. ती एक दिवस ताट सरकवून म्हणाली, "आजोबा, आपण सुरणाचं व्रत धरलंय का?" सून हसली. हसताना तिचे ओठ पांढरे दिसले. मला ते दिसलं, हे मी आज कबूल करतो. दिसलं आणि मी भाकरी खात राहिलो.

मग ती गोठ्यात पडली. धार काढता काढता कलंडली, सगळं दूध शेणात. गाय बिचारी पाय न हलवता उभी राहिली. शेजारच्यांनी गाडी काढली आणि आम्ही नगरला नेलं. अंगात रक्तच नव्हतं. वरून दोन पिशव्या चढवल्या, खालून दुर्बीण घालून बघितलं. आतड्यात गाठ होती. कॅन्सर. सुनेचं वय चौतीस.

डॉक्टरीण तिच्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी असेल. सुनेच्या खाटेपाशी मला समोर बसवून म्हणाली, "बाबा, यांना आधी काही औषध चालू होतं का?"

मी म्हणालो, "कांद्याच्या पिकावर व्हय. तीनदा फवारलं."

ती आधी हसली आणि मग हसायची थांबली. कारण मी पुढं विचारलं, "त्यानंच झालं का हे? पंप माझ्या पाठीवर असायचा, पण कालवायला ती असायची. काठीनं, कधी हातानं. जीव द्यायला कुणी प्याला तरी बी औषधच पिला म्हणतेत आमच्याकडं. मला खरं सांगा. माझ्या औषधानं झालं का?"

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "तुमच्या सुनेला कशानं झालं ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. पूर्वी हा आजार घेऊन साठीच्या पुढची माणसं यायची. आता तिशी-चाळिशीतली यायला लागलीत. का, ते शोधणं चालू आहे. खाणं बदललं, वजनं वाढली, बसून कामं वाढली, दारू-तंबाखू आहे, पोटातले जंतू बदलले असंही म्हणतात. काहींच्या घराण्यातच असतं. फवारणीचं मी हो म्हणणार नाही आणि नाही म्हणणार नाही. पण हातमोजे घाला, हे मात्र आजच सांगते."

मग तिनं विचारलं, "रक्त किती दिवस जात होतं?"

सुनेनं खाली बघून सांगितलं, "आठ महिनं."

"आठ महिने? घरात कुणाला सांगितलं नाही?"

सून म्हणाली, "आत्याबाई असत्या तर सांगितलं असतं."

आत्याबाई म्हणजे आमची म्हातारी. मी उठून बाहेर आलो. तिथं चिरायला कांदा नव्हता.

डॉक्टरणीचं एक बोलणं मी घरी आल्यावर नातीकडून वहीत लिहून घेतलं. रक्त दिसलं की मूळव्याधच असेल असं घरच्या घरी ठरवायचं नाही, आणि वय कमी आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. आम्ही दोन्ही केलं होतं. वर सुरण घातलं होतं.

ऑपरेशन झालं. गाठ काढली आणि आतडं भरून यावं म्हणून पोटावर पिशवी बसवली. काही महिने सगळं त्या पिशवीत. त्यात सलाइनमधून किमो. बघायला येणारे ओट्यावर बसायचे आणि आपापलं कारण सांगायचे. एक म्हणाला मोबाईलचा टॉवर. एक म्हणाला बोअरचं पाणी. एक म्हणाला, हॉटेलातनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम चहा आणता, त्यानं. एक म्हातारी म्हणाली, "पोटात राग धरून बसली आसंल, त्याची गाठ झाली." मी म्हणालो, "रागानं गाठ झाली आसती तर मी तीनदा मेलो आसतो. चहा प्या आन् उठा." खरं सांगायचं तर मला बी एक कारण पाहिजे होतं. एकच, बोट ठेवता येईल असं. मिळालं नाही. म्हणून मग घरामागचा भाजीचा वाफा बिनफवारणीचा ठेवला. मेथीला निम्मी भोकं असतात. असू द्या.

पिशवीचा वास येतो म्हणून सून माझ्यासमोर यायची बंद झाली. नातीच्या हातून चहा पाठवायची. आठ दिवस बघितलं, मग मी दारात उभा राहून मोठ्यांदा बोललो, "मी गोठ्यात जलम घालवला. शेणाला कोन भितंय हितं? चहा तूच आनायचा."

आतून हसण्याचा आवाज आला. मग रडण्याचा. दुसऱ्या दिवशी चहा तिनंच आणला.

पुढं पिशवी काढून आतडं परत जोडलं. घरी सोडताना डॉक्टरणीनं बजावलं, "रोज साफ होतंय का, रक्त दिसतंय का, पोट फुगतंय का, घरात कुणीतरी रोज विचारायचं." पोरगा टेम्पोवर. नात लहान. ते कुणीतरी म्हणजे मीच होतो.

पहिल्या सकाळी दारात जाऊन खाकरलो. ती म्हणाली, "काय मामा?" मी म्हणालो, "काय न्हाई. ऊन लई हाय." माघाचा महिना होता.

दुसऱ्या सकाळी ती गोठ्याच्या तोंडाशी कोवळ्या उन्हाला बसली होती. मी गाईला वैरण टाकली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि गाईलाच विचारलं, "काय गं, परसाकडं झालं का?"

गाय रवंथ करत होती. मागून बारीक आवाज आला, "झालं म्हनाव."

"रगत-बिगत?"

"न्हाई म्हनाव."

असं आमचं सुरू झालं. रोज सकाळी मी गाईला विचारायचो आणि गाईच्या वतीनं सून सांगायची. एकदा गाईनं माझ्या प्रश्नाबरोबर खरंच शेपटी वर केली. सून पोट धरून हसली. "टाके हायेत मामा, हसवू नका," म्हणाली. ते ती मला म्हणाली, गाईला नाही. म्हातारीनं हे बघितलं असतं तर पदर तोंडात कोंबून हसली असती आणि म्हणाली असती, "बायकांचं हाय, तिकडं ओट्यावर बसा." पण मी बसलो नसतो आता.

हळूहळू गाय मधून निघून गेली. मी सरळ विचारतो, ती सरळ सांगते. दोन दिवस झालं नाही तर तसं सांगते, पोटात दुखलं तर कुठं दुखलं ते हात लावून दाखवते. दर काही महिन्यांनी नगरला तपासणीला जातो. अजून तरी चांगलं निघालंय. पुढचं मी बोलत नाही, डॉक्टरीण बी बोलत नाही.

हे नातीच्या जुन्या वहीत लिहितोय त्याला कारण गेल्या आठवड्यातलं आहे. मला काही दिवस त्रास होत होता. रक्त दिसलं. म्हटलं, आपली जुनीच मूळव्याध, उगं घराला घोर कशाला. बाजारात गेलो आणि पिशवीत सुरण घालून आणलं. चुलीपाशी ठेवलं आणि म्हणालो, "लई दिवस झालं. खावंसं वाटलं."

सुनेनं सुरणाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. पदर मागं सरकला होता, तो तिनं वर घेतला नाही.

"मामा," ती म्हणाली, "सकाळपास्नं तीनदा गेलात. रगत जातंय का?"

मी गोठ्याकडं बघितलं.

"गाईकडं बघू नका. मला सांगा."

मी सांगितलं. किती दिवस, किती, कसल्या रंगाचं, सगळं. तिनं सगळं ऐकून घेतलं, सुरण उचललं आणि वैरणीच्या पाटीत टाकलं. म्हणाली, "सोमवारी माजी तपासनी हाय. दोघांचे बी नंबर लावते."