क्रेनवाल्याचा रिकामा डबा

ऑपरेशनमध्ये क्रेनवाल्याचं निम्मं पोट गेलं, तोरा मात्र शाबूत राहिला. "ठणठणीत आहे मी," असं कारखानाभर सांगत तो पुन्हा उंचावरच्या केबिनमध्ये जाऊन बसला. खाली उभा राहून त्याला खुणा करायचा त्याचा सख्खा मेहुणा. दुपारी दोघं एकत्र जेवायचे, आणि दाजींनी डबा चाटूनपुसून संपवला की मेहुणा लगेच बहिणीला फोन लावायचा.

नर्सने बजावलं होतं, थोडं थोडं पण सारखं खा, घास नीट चावा, जेवताना पाणी नको, गोड तर नकोच, जेवल्यावर जरा आडवे व्हा. बायको तेव्हा औषधं आणायला गेली होती. तिला त्याने सांगितलं, "पथ्यबिथ्य काही नाही." त्याच्या दुखण्यात ती काळजीने अर्धी झाली होती. आता रिकामा डबा पाहिला की तिच्या जिवात जीव यायचा. मग हा गडी तरी काय करणार! गोडधोडासकट सगळं पाण्याबरोबर घशाखाली ढकलायचा आणि शिडी चढायचा.

वर पोचला की छाती धडधडायची, दरदरून घाम फुटायचा, हात कापायचे. जेवणामुळे होतंय, की दुखणं उलटलंय? डॉक्टरांना विचारायची त्याला भीती वाटायची.

त्या दिवशी लोखंडी गर्डर अधांतरी असतानाच त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली मेहुणा मान वर करून उभा. क्रेन जागीच थांबवून तो ओरडला, "बाजूला हो! आधी बाजूला हो!"

जरा सावरल्यावर त्याने गर्डर मोकळ्या जागेत टेकवला, खाली उतरला आणि मेहुण्याला सगळं सांगून टाकलं.

"दाजी, डोकं माझं होतं खाली!" मेहुणा भडकला. मग त्याचा हात धरून म्हणाला, "ताईला तुम्हीच सांगायचं. आजच."

संध्याकाळी बायकोने डबा उघडला. "आजही सगळं संपवलंत!"

"उद्यापासून थोडंच दे," तो म्हणाला. नर्सचं बोलणं, घाम, अंधारी, काही लपवलं नाही.

तिने डबा खाली ठेवला. "आणि मी रोज दाबून दाबून भरत होते. मला का नाही सांगितलंत?"

"तू पुन्हा हसायला लागली होतीस."