आंबागडची किंगरी आणि मी मागितलेला रीटेक

किंगरी ऐकायला आंबागडला जातोय म्हटल्यावर ऑफिसातला मित्र म्हणाला, "यूट्यूबवर नाही का?" होतं. दीड मिनिटाचं, जाहिरातीसकट. म्हणून निघालो.

पहिली सूचना: 'भंडारा रोड' स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे. सकाळी स्टील कारखान्याच्या पाळीला निघालेल्या मोटारसायकली चुकवत बाहेर पडायचं, तर्री-पोहे खायचे (तिखट कमी मागू नका, मिळत नाही) आणि तुमसर गाठायचं. पुढं आंबागडपर्यंत ऑटो. तो दहा माणसं झाल्याशिवाय हलत नाही. मी सातवा होतो.

किंगरी म्हणजे तुमचं व्हायोलिनच, असं मी तिथल्या सुखराम आजोबांना सांगितलं. "असन," ते म्हणाले. तीन तारा, घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या, गजही तसाच. आजोबा परधान जमातीचे. गोंड राजांचे पराक्रम आणि यजमान घरांच्या वंशावळी परधानांनी पिढ्यान्‌पिढ्या या वाद्यावर गायल्या. वर डोंगरावरचा किल्ला ढासळलाय, खाली नावं शाबूत आहेत.

त्या दिवशी यजमानीण होत्या फुलाबाई. त्यांचा नवरा गेल्या वर्षी वारला. त्याचं नाव आज वंशावळीच्या शेवटी जोडायचं होतं. "गायलं तं पुरख्यात बसते, नाई तं बाहेरच रायते," त्यांनी मला समजावलं. पुरखे म्हणजे पूर्वज. मुलाला चिखल्याच्या खाणीतून सुटी मिळाली नव्हती. घरी त्या आणि सून.

मी रेकॉर्डर चालू केला. दीड तास नावं चालली. शेवटाजवळ कुकरची शिट्टी झाली. मी हात वर केला. "आजोबा, एवढं परत घ्याल का? मागं आवाज आला."

गज थांबला. फुलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काहून थांबवलं गा?" आजोबा म्हणाले. "आता पयल्या पुरख्यापासून घ्या लागते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेकॉर्डर बंद करून पिशवीत कोंबला. ऐंशीच्या घरातला माणूस दोन घोट पाणी पिऊन पुन्हा पहिल्या नावापाशी गेला. घसा बसत चालला होता. शेवटच्या नावाशी आले आणि आवाजच फुटेना. किंगरी मात्र थांबली नाही, त्याच सुरावर घुटमळत राहिली.

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. सासऱ्याचं नाव तिला घेता येत नव्हतं. मी सकाळपासून त्या घरात होतो, दोनदा चहा प्यायलो होतो, आणि गेलेल्या माणसाचं नाव विचारलं नव्हतं. फुलाबाईंनी तर लग्न झाल्यापासून ते तोंडातून काढलं नव्हतं.

त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी नाव घेतलं. मोठ्यानं. किंगरीनं ते उचललं, आजोबांनी मान डोलावली, झालं.

"आता बसले जागेवर," त्या म्हणाल्या आणि भात वाढायला आत गेल्या.

घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. दीड तास उत्तम आहे. मग शिट्टी, मग माझा आवाज, मग काही नाही. ऐकवत नाही तो माझा आवाज.

"मग एवढ्या लांबून आणलंस काय?" बायकोनं विचारलं.

"सोमाजी," मी म्हटलं.