खांद्यावरचा टावेल

टावेलची मागणी मी बुडवली. गेम बनवणाऱ्या कंपनीने ती नाकारली असं मी त्याला सांगितलं, त्याच्या बहिणीला सांगितलं. ते खोटं आहे. मागणी कंपनीपर्यंत गेलीच नाही.

तो माझा विद्यार्थी. मी कर्नाटकातल्या आळंदच्या शाळेत खेळाचा मास्तर होतो. मूळचा निंबर्ग्याचा, जत्रेतल्या कुस्त्या केलेला. बॉक्सिंग मी तीन आठवड्यांच्या शिबिरात शिकलो आणि तुरीच्या भुसकटाचं पोतं लिंबाला टांगून पोरांना शिकवलं. शेवटपर्यंत टिकला तो एकटाच. आज त्याने चाळिशी ओलांडली आहे. हात थरथरतो, जीभ जड झाली आहे, उजवा पाय ओढत चालतो. सकाळचं सांगितलेलं संध्याकाळी आठवत नाही. जुनं मात्र मधूनच लख्ख आठवतं. तो बहिणीकडे राहतो, तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो दुकानाकडे निघाला की कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसलेले लोक पडलेल्या बॉक्सरला मोजतात तसे कानडीत मोजायला लागतात, "ओंदु, एरडु, मूरु..." दहा व्हायच्या आत तो पुढे गेला तर टाळ्या, अडखळला तर जास्त टाळ्या. एकदा मीही त्यांच्यात बसून हसलो आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या भाच्याने हैदराबादेहून दुकानामागच्या खोलीतल्या टीव्हीला जोडायचा गेमचा डबा पाठवला. बोटांना व्यायाम होईल, एवढाच हेतू. त्यातला बॉक्सिंगचा गेम बघून तो पहिल्याच दिवशी भडकला.

"सर, हे सगळं खोटं हाय. शंभर ठोसे खाऊन बी गडी नाचायलाय. पाय कामून जड होईनात ह्याचे?"

हीच तक्रार करणारे जगभरातले लोक इंटरनेटवर एकत्र आलेले होते. गेममधली लढत खऱ्यासारखी करा म्हणून ते कंपनीच्या मागे लागले होते. आम्ही त्यांच्यात गेलो. त्याला टाइप करणं जमत नव्हतं. दर रविवारी तो बोलायचा आणि मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायचो. बरगडीखाली ठोसा बसला की हात आपोआप खाली आला पाहिजे. डोळा सुजला की त्या बाजूचा पडदा अंधारला पाहिजे. दोन फेऱ्यांच्या मध्ये स्टुलावर बसल्यावर कानात शिट्टी वाजली पाहिजे. लोक विचारायचे, हे तुम्हाला कसं माहीत? मी लिहिलं, हे सांगणारा जुना बॉक्सर आहे, मी त्याचा प्रशिक्षक. तेव्हापासून ते मला कोच म्हणायला लागले. प्रत्यक्ष रिंगणात राहिलेल्या माणसाच्या शब्दाला तिथे फार वजन होतं. निवृत्तीनंतर मला कुणी इतकं मानलं नव्हतं.

मग एका रविवारी तो म्हणाला, "सर, एक ऱ्हायलं. कोपऱ्यातल्या मास्तरला टावेल फेकून लढत थांबवायचं बटन पायजे."

"ते कशाला?"

"गड्याला स्वतःला कळत न्हाई की सर. त्याला वाटतंय मी खेळायलोय. मास्तरलाच दिसतंय सगळं."

मी "बरं" म्हणालो आणि दुसरंच काहीतरी लिहिलं.

वीसेक वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या स्पर्धेची शेवटची लढत होती. तो एकोणीस वर्षांचा होता. आमच्या भागातलं पोर तिथपर्यंत गेलं म्हणून गावची पंच मंडळी जीप करून आली होती. लढत सुरू होण्याआधी त्यांनी भर मैदानात मला टावेल-टोपीचा मान दिला. नवा पांढरा टावेल माझ्या खांद्यावर होता. दुसरी फेरी संपली. तो स्टुलावर येऊन बसला आणि मला म्हणाला, "सर, आपुन कुठं आलाव? अप्पा आलेत का?"

त्याचे वडील वारून दोन वर्षं झाली होती.

मला सगळं कळलं. शिबिरात हेच तर शिकवलं होतं: पोरगा ठिकाण विसरला की टावेल रिंगणात टाकायचा आणि लढत थांबवायची. पण मानाचा टावेल देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जमिनीवर फेकायचा, म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकणंच. कुस्तीतून आलेल्या माझ्या डोक्यात तेवढंच आलं. मी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, गालावर दोन चापट्या मारल्या. म्हणालो, "जिंकायलास तू. ऊठ."

तो उठला आणि गुणांवर जिंकला. ती फेरी त्याला आजही आठवत नाही. परतीच्या बसमध्ये त्याने तीनदा उलटी केली. हॉटेलातली भजी बाधली, असं मी सगळ्यांना सांगितलं. पुढे मी त्याला आणखी तीन लढती खेळायला लावल्या. वर्षभराने मुडबीच्या रस्त्यावर तो मोटारसायकलवरून पडला आणि मला कारण सापडलं. त्या पडण्यानेच तो असा झाला, हे मी इतक्या वेळा सांगितलं की त्याच्या बहिणीलाही खरं वाटतं. तो पडला कारण आधीच त्याचा तोल जात होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्याने बटन मागितलं त्या रविवारनंतर दोन आठवड्यांनी परदेशातल्या एका माणसाने तीच टावेलची मागणी मांडली. बऱ्याच जणांना ती पटली. कुणीतरी लिहिलं, आधी कोचला विचारू. मी लिहिलं: खरा प्रशिक्षक टावेल फेकत नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी असं पाहिलेलं नाही. हे फक्त सिनेमात होतं.

त्यांनी माझे आभार मानले आणि कंपनीला पाठवायच्या यादीतून ती ओळ काढली. खरेपणासाठी भांडणारी माणसं होती ती, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

या उन्हाळ्यात गेमची नवी आवृत्ती आली. पाय जड होतात, डोळा सुजतो, पडदा अंधारतो. त्याने टाळ्या वाजवल्या. मला राहवलं नाही, मी त्याला आणि बहिणीला बसवून सगळं सांगितलं, टावेलचं, भजीचं, मुडबीच्या रस्त्याचं. बहीण उठून दुकानात गेली. तो म्हणाला, "मग परत लिवा की त्यास्नी." मी लिहिलं. उत्तर आलं की यादी बंद झाली आहे. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "सर, टावेलचं काय झालं?" सांगितलेलं त्याच्या लक्षात राहिलंच नव्हतं. तिसऱ्या रविवारी मी पुन्हा सांगायला लागलो तेव्हा बहिणीने अडवलं.

"सांगून मोकळं व्हायला येऊ नका, सर. त्याचं डोकं कोरंच ऱ्हातंय, तुमचंच हलकं व्हायलंय. लिहून ठिवा कुठं तरी."

"मग येऊ नको का मी?"

"यायचं. दर रविवारी यायचं. बसायचं अन् बघायचं."

म्हणून हे लिहिलं आणि म्हणून मी जातो. नव्या आवृत्तीत आपला खेळाडू आणि मास्तर आपणच घडवता येतो. त्याने मास्तरला पांढऱ्या मिशा दिल्या आहेत, खांद्यावर पांढरा टावेल दिला आहे. दुसरी फेरी संपली की त्याचा खेळाडू स्टुलावर बसतो, मान खाली घालतो. तो थरथरत्या बोटांनी एकेक बटण दाबून बघतो. पडद्यावरचा मास्तर पाणी मारतो, गालावर थोपटतो.

"टावेल तर हाय, सर," तो माझ्याकडे न बघता म्हणतो, "फेकीना झालाय."

घंटा वाजते. मी उठायला लागलो की बहीण दुकानातून बघते. मी परत बसतो.