एक्क्याण्णव टक्के

दादा जाऊन वर्ष झालं. त्याचा आवाज फक्त त्याच्या जुन्या फोनमध्ये उरला होता, आणि परवा तोही वहिनीच्याच हातून पुसला गेला. मोबाइल दुरुस्त करणारा धाकटा दीर तो आवाज रात्रभर परत काढत होता. काम मध्येच थांबलं, तर फोन पुन्हा चालू होणार नव्हता. त्याने मागचं झाकण काढून तापलेला फोन पंख्यासमोर, स्टीलच्या पालथ्या ताटलीवर ठेवला.

"फ्रिजमध्ये ठेवा ना, भाऊजी."

"आत पाणी धरेल, वहिनी. फोन आहे तो, दूध नाही."

पहाटे वीज गेली; पंखा थांबला, काम मात्र बॅटरीवर चालू राहिलं. वहिनी वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालू लागली. ताटली चटके देत होती. काम एक्क्याण्णव टक्क्यांवर आलं आणि फोनची स्क्रीन काळी झाली.

"वहिनी, राहू द्या आता."

तिचा हात थांबला नाही.