पिवळं होईपर्यंत

"मॅडम, ह्यो च्या पिऊन दाखवा, मग बोला," सरपंचबाईंनी कप पुढं सरकवला. मी घोट घेतला. आलं होतं, गवती चहा होता आणि सगळ्यांवर कडी करून टीसीएल होतं. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर.

मंचरजवळचं गाव. मी पाणी तपासणाऱ्या लॅबमधली केमिस्ट. पाणी सोडणारे नामदेवभाऊ दारात मान खाली घालून उभे होते. दुपारच्या ग्रामसभेत त्यांना काढायचं आणि टीसीएलच बंद करायचं, हे ठरल्यातच जमा होतं.

"बंद कराल तर गाव जुलाबानं आडवं होईल," मी म्हणाले. "आधी टाकी बघू."

टाकीचं झाकण अर्धं मोडलेलं, वर उंबर. तळाशी पाल्याचा नुसता काळा चिखल.

"भाऊ, पावडर किती टाकता?"

"आदी येक किलो व्हती. आता चार. तरी पिवळं व्हत न्हाई."

नळाच्या पाण्यात ओटी नावाच्या तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकले आणि पिवळं झालं, की क्लोरीन शिल्लक आहे असं समजायचं. इथं तो सगळा टाकीतच, कुजक्या पाल्याशी झुंजण्यात खर्च होत होता. त्या झुंजीतूनच चहाला लागलेला तो वास येतो आणि ट्रायहॅलोमिथेनसारखी रसायनंही तयार होतात. घोटभरानं काही होत नाही, पण वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात पोटात जाणं वाईट.

"अहो, मग थांबायचं ना!"

"तुमीच ट्रेनिंगला सांगितलं व्हतं, मॅडम." त्यांनी खिशातून वही काढली. 'पिवळं होईपर्यंत टाकत राहा.' माझंच वाक्य, खाली दोन रेघा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ग्रामसभेत मी उभी राहिले. "चूक माझी आहे. आधी टाकी धुवायची, मग पावडर, हे मी शिकवलंच नाही. भाऊंनी सांगितलं तेवढं चोख केलं."

"आता सांगताय व्हय!" सरपंचबाई म्हणाल्या. सभा हसली. मीही हसले, दुसरं करणार काय?

टाकी धुतली, नवं झाकण बसलं, पावडर पुन्हा एक किलोवर आली आणि तेवढ्यातच नळाचं पाणी थेंबांनी पिवळं झालं. ट्रायहॅलोमिथेनं हवेत उडून जातात, म्हणून ती तपासायला पाण्याची बाटली काठोकाठ भरून पुण्याच्या मोठ्या लॅबला पाठवली. रिपोर्ट मर्यादेच्या आत आला. भाऊंची नोकरी राहिली.

एवढं मात्र शिकले: ऐकणारा प्रामाणिक असेल, तर बोलणाऱ्यानं वाक्य अर्धवट सोडू नये.