सुजलेली पोटरी आणि आईचा नकार

आईला जाऊन महिना झाला, तरी लहरीपुऱ्यातल्या जुन्या घरांतून अजून फोन येतात. "इंदूबेनसारखा हात नाही मिळणार." त्या हातावरच आम्ही वाढलो. वडील लवकर गेले. बाजारामागच्या एका खोलीत आई, मी आणि धाकटा भाऊ. आई बाळंतिणींना, बाळांना तेल लावायला घरोघर जायची. एखादं घर सुटलं की आमचं दूध बंद... म्हणून लोक म्हणतील त्याला ती मान डोलवायची. मालिशीने बाळाची कावीळ उतरते? "उतरते की." बाळंतिणीचं दूध वाढतं? "वाढतं तर."

मी फिजिओथेरपीला गेले. घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली, हे आजही छाती काढून सांगते. तिथे कळलं, मालिशीने दुखणं काही काळ हलकं होतं, जीव निवांत होतो, एवढ्याला थोडाफार आधार आहे. बाकीच्या दाव्यांना पुरावा तोकडा, नाही तर मुळीच नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "तुझ्या पुस्तकावर चूल पेटते का गं?"

मग गोत्री भागातलं ते एक घर आलं. सुट्टी होती, मी आईला स्कूटरवर सोडायला गेले होते. बाळंतिणीची एकच पोटरी सुजलेली, गरम. बोट लागलं तरी कळवळत होती. सासूबाई म्हणाल्या, "वारा धरलाय. जरा जोर लावून चोळा, इंदूबेन."

मी आईच्या कानाशी म्हटलं, "रक्ताची गुठळी असेल. चोळलीस तर सुटून फुप्फुसात जाईल."

आईच्या तळहातावर तेल होतं. तिने माझ्याकडे पाहिलं... आणि पदराला हात पुसले. "वहिनी, मी हात नाही लावणार. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"आमच्या नणंदेला तुम्हीच चोळलंत ना? आज तुमची लेक डॉक्टर झाली वाटतं?" सासूबाईंनी सुनावलं.

"डॉक्टर नाही, पण शिकलीये. रिक्षा बोलवा."

गुठळीच निघाली. वेळेवर औषध मिळालं, पोर वाचली.

त्या दिवशी स्कूटरवरून परत येताना मला वाटलं, आई चिडलीये. तर मागून म्हणाली, "सुटले बाई. कुणाचं बाळ नाही सुधारलं की लोक माझ्या हाताला नावं ठेवायचे. मलाही वाटायचं, आपलंच चुकलं... आता सांगीन, तेवढं माझ्या हातात नाही."

आणि सांगायला लागली. "अंगाला बरं वाटेल, आजाराचं डॉक्टरांना विचारा." काही घरं सुटली, बरीचशी राहिली. ती मात्र मोकळी हसायला लागली.

शेवटच्या आजारात, मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मी तिच्या पायांना तेल लावायचे. आधी पाय नीट बघून, मगच. एकदा तिने विचारलं, "याने बरी होईन का गं?"

"नाही, आई. थोडं बरं वाटेल."

"मग लाव."

तिला बरं वाटलं.