खजुरीच्या बागेतला गलबताचा खिळा

माझ्या वडिलांकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, जमिनीतले सुरुंग शोधायचं एक यंत्र होतं. शारजातल्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी ते बंद पडलेलं घेतलं आणि दोन महिने खटपट करून चालू केलं. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती आणि कानाला लावायचे फोन. जमिनीत धातू असला की कानातली गुणगुण वाढायची. अब्बा पाण्याच्या पंपांचे मेकॅनिक होते. सहा दिवस तेल, ग्रीस, आणि शुक्रवारी हे यंत्र. दुसरा कसलाही शौक मी त्यांना करताना पाहिला नाही.

मी तेव्हा रत्नागिरीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. साठच्या दशकातल्या एका उन्हाळी सुटीत मुंबईहून बोटीनं शारजाला अब्बांकडे गेलो. त्यांना पाहून बरीच वर्षं झाली होती, आणि काय बोलावं हे दोघांनाही नीट सुचत नव्हतं. यंत्रामुळे ती अडचण दूर झाली. अब्बा ऐकायचे, मी खणायचो, आणि सापडलेली वस्तू वहीत लिहायचो.

आम्ही शारजापासून आत, वाळवंटातल्या धैदकडच्या एका खजुरीच्या बागेत जायचो. तिथला पंप अब्बांनीच बसवला होता. मालकाला आम्ही अरबाब म्हणायचो. अब्बांनी रीतसर विचारून परवानगी घेतली होती आणि स्वतःवर काही नियम घालून घेतले होते. झाडाच्या मुळांजवळ खणायचं नाही. नाणं, दागिना, काहीही किमती निघालं तर ते आधी अरबाबच्या हातात. गंजलेले डबे आणि पत्रे मात्र आम्ही पोत्यात भरून न्यायचो, कारण तेवढीच बाग साफ होते. आणि खड्डा असा बुजवायचा की नंतर जागा ओळखू येऊ नये. बुजवून झालं की वर कोरडा पालापाचोळा पसरून अब्बा मला विचारायचे, "सांग, कुठे खणलं होतं?" मला सांगता आलं नाही की ते खूश.

एका शुक्रवारी तीन उंच खजुरींच्या रांगेपाशी गुणगुण जोरात आली. दोन फूट खोलीवर हातभर लांबीचा, जाड डोक्याचा लोखंडी खिळा उभा रोवलेला निघाला. अब्बांनी तो मांडीवर घेऊन फडक्यानं पुसला. त्यांचे वडील गलबतावर होते.

"गलबताचा खिळा आहे हा," ते म्हणाले. "आमच्या बंदरात असेच असायचे."

अरबाब नमाजाच्या तयारीला घरी गेले होते. मला वाटलं, त्यांना दाखवून मगच न्यावा. पण लोखंड म्हणजे भंगार, असं ठरलेलंच होतं, आणि अब्बांचा चेहरा इतका उजळला होता की मी खड्डा बुजवायला घेतला. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलाला एक साधा प्रश्न पडायला हवा होता: समुद्र इथून दोन तासांवर, मग गलबताचा खिळा बागेत उभा कसा? आम्ही दोघे किनाऱ्यावरची माणसं. खिळा पाहिला आणि आम्हाला फक्त गलबत दिसलं. शारजाच्या खोलीत अब्बांनी तो कपाटावर ठेवला.

पुढच्या शुक्रवारी अरबाब दारातच उभे होते, बरोबर त्यांचे धाकटे भाऊ. शेजारची बाग या भावाची. मोडक्यातोडक्या हिंदीत अरबाबनी सांगितलं ते असं: भावाला मध्ये विणलेल्या झावळ्यांच्या झापांचं कुंपण घालायचं आहे. वडिलांनी वाटणी करताना हद्दीवर जहाजाचा एक मोठा खिळा पुरला होता. कालपासून दोघे काठीनं टोचून पाहत आहेत, पण लागत नाही. त्या तीन खजुरी कोणाच्या, ते त्या खिळ्यावरच ठरायचं. "तुझं मशीन आहे म्हणून बरं," अरबाब अब्बांना म्हणाले.

अब्बांनी कानाला फोन लावले आणि चालू लागले. मी मागे. मला त्यांची फक्त मान दिसत होती. ते अगदी सावकाश चकती फिरवत होते, खिळा खरंच जमिनीत असावा तसे. मला कळत होतं, हे लबाडीनं नाही. तोंड कसं उघडावं हेच त्यांना समजत नव्हतं. पण बोललो नाही तर दोन भावांत भांडण, आणि बोललो तर ही बाग बंद. अब्बांचा शुक्रवार खलास.

बागेच्या मध्यावर मी थांबलो आणि अरबाबना सांगितलं, "खिळा आमच्याकडे आहे. मागच्या शुक्रवारी मी खणून काढला. दाखवायला हवा होता."

अब्बांनी फोन काढले. "मी म्हटलं होतं भंगार म्हणून," ते म्हणाले. "पोराचं काही नाही."

धाकटा भाऊ, आम्हालाही कळावं म्हणून हिंदीतच, अरबाबना म्हणाला, "छान माणूस ठेवलास. शोधतोही हाच, हरवतोही हाच."

अरबाब हसले नाहीत. जागा दाखव, एवढंच म्हणाले. आणि तीच तर दाखवता येत नव्हती. आम्ही खड्डा फार उत्तम बुजवला होता. मी वही काढली. विहिरीच्या कठड्यापासून चौतीस पावलं, पाटाच्या उजवीकडे, असं लिहिलं होतं. पावलं मोजत गेलो, पण हातभर इकडे की तिकडे, ते सांगता येईना, आणि त्या हातभरावरच खजुरी अवलंबून होत्या. तेव्हा अब्बांनी पुन्हा चकती फिरवली. एका जागी ते थांबले. गुणगुण अगदी बारीक होती, पण होती. खणलं तर माती गंजानं लाल झालेली. इतक्या वर्षांत खिळ्यानं आपला रंग तिथे सोडला होता.

धाकट्या भावानं वाकून ती माती बोटांत चुरली आणि मान डोलावली. ती जागा खजुरींच्या पलीकडे, भावाच्या बागेच्या अंगाला होती, म्हणून खजुरी अरबाबच्या निघाल्या. आम्ही शारजाला जाऊन संध्याकाळच्या आत खिळा आणला, आणि दोघा भावांनी मिळून तो ठोकला.

अरबाब मला म्हणाले, तुझी पावलं तुझ्याबरोबर कॉलेजात जाणार, मग आम्ही काय मोजायचं? मग अब्बांनी विहिरीपासून खिळ्यापर्यंत दोर ताणला आणि दोन टोकांना गाठी मारल्या. दोराच्या खुणा मी कागदावर लिहून दिल्या, मराठीत, कारण अरबी मला येत नव्हती. दोघा भावांपैकी कोणालाही तो वाचता येणार नव्हता. तरी अरबाबनी घडी करून तो पत्र्याच्या डब्यात ठेवला.

"पुढच्या शुक्रवारी?" अब्बांनी चाचरत विचारलं.

"इन्शाल्ला. पण बाटलीचं झाकण निघालं तरी मला दाखवायचं."

त्यानंतर अब्बा खरंच प्रत्येक झाकण घेऊन त्यांच्याकडे जायचे. तिसऱ्या शुक्रवारी अरबाब लांबूनच हात हलवून नको म्हणू लागले. धाकटा भाऊ कुंपणापलीकडून हे सगळं पाहत असे. माझी सुटी संपायच्या आधीच्या शुक्रवारी त्यानं झापा बाजूला सारल्या आणि अब्बांना विचारलं, "आमच्या बाजूला कधी येणार?"